लॅपटॉप घेण्यापूर्वी माहितीच्या जतनाचा विचार

आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी वसलेल्या बेला, जैनथ यांसारख्या मंडलांत मराठी, तेलुगू, गोंडी व उर्दू या भाषा शेजारी शेजारी नांदतात. येथील शाळांचे निकाल, बचत गटांचे हिशेब, शेतीच्या खर्चाच्या नोंदी आणि घरातील छायाचित्रे आता वहीप्रमाणेच संगणकातही साठविली जातात. लॅपटॉप खरेदी करताना किंमत व पडद्याचा आकार यांची चौकशी आवर्जून केली जाते. परंतु यंत्र बंद पडल्यास आतील माहितीचे काय होईल, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. वस्तुतः तोच प्रथम विचारावयास हवा. यंत्र पैसे देऊन पुन्हा घेता येते. नष्ट झालेली एकमेव नोंद कोणत्याही किमतीस परत मिळत नाही.

एकमेव प्रतीचा धोका

याच जिल्ह्यातील नारनूर मंडलात गुंजाला हे गोंड वस्तीचे गाव आहे. तेथे गोंडीच्या एका स्वतंत्र लिपीतील सुमारे डझनभर हस्तलिखिते टिकून राहिली होती. हैदराबाद विद्यापीठाचे प्रा. जयधीर तिरुमल राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रकाशात आणली. जून २०१८ मध्ये ‘गुंजाला गोंडी’ या नावाने या लिपीचा समावेश युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत झाला. ती मोजकी पाने वाळवीने खाल्ली असती, तर त्यांबरोबर एका लिपीचा मोलाचा पुरावाच नाहीसा झाला असता.

मोठी कार्यालयेही या धोक्यापासून मुक्त नाहीत. मुंबईतील मंत्रालयास २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील असंख्य फाइली जळाल्या. जळालेली फाइल पुन्हा उभी करावयाची, तर तिची दुसरी प्रत अन्यत्र असावी लागते. संगणकातील माहितीसही हाच न्याय लागू पडतो.

तीन-दोन-एक हा नियम

बॅकअप, म्हणजेच राखीव प्रत ठेवण्याचा एक सोपा नियम जगभर मानला जातो. महत्त्वाच्या माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात. त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांपैकी किमान एक प्रत घराबाहेर असावी. पहिली प्रत लॅपटॉपमध्ये असतेच. दुसरी प्रत बाहेरून जोडावयाच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरील साठ्यात, म्हणजे क्लाउडवर ठेवावी. जेथे इंटरनेट मंद आहे, तेथे दुसरी एक डिस्क परगावच्या विश्वासू नातेवाइकाकडे ठेवली तरी हेतू साध्य होतो. चोरी, आग वा पुराच्या प्रसंगी ही बाहेरची प्रतच उपयोगी पडते.

प्रत्येक साधनाच्या मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक आहे. हार्ड डिस्कमध्ये चकती फिरत असते. ती चालू असताना पडल्यास निकामी होण्याचा संभव असतो. पेनड्राइव्ह ने-आण करण्यास सोयीचा असला, तरी दीर्घकालीन जतनासाठी त्यावर विसंबू नये. गूगलच्या विनामूल्य खात्यात १५ जीबी जागा मिळते. परंतु पत्रव्यवहार व छायाचित्रे यांतच ती लवकर भरते. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडल्यास खाते उघडणे कठीण होते. म्हणून क्रमांक बदलताच खात्यातही बदल करावा. सरकारी अभिलेख मात्र खाजगी खात्यात न ठेवता विभागाच्या सूचनांनुसारच साठवावेत.

क्लाउडशी सतत जुळवून घेतलेला फोल्डर हा पूर्ण बॅकअप नव्हे. लॅपटॉपवरील फाइल चुकून पुसली गेली, तर ती क्लाउडवरूनही पुसली जाते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने अनेक देशांतील संगणकांमधील फाइली कुलूपबंद केल्या होत्या. असा प्रोग्राम संगणकाला जोडलेल्या डिस्कपर्यंतही पोहोचू शकतो. यास्तव बॅकअपचे काम पूर्ण होताच डिस्क काढून कोरड्या व थंड जागी ठेवावी.

प्रथम कशाचे जतन करावे

जे कागद मूळ कार्यालयाकडून पुन्हा मिळू शकतात, त्यांची चिंता तुलनेने कमी असते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये अनेक प्रमाणपत्रे थेट संबंधित संस्थेकडून उपलब्ध होतात. ज्या नोंदी केवळ आपल्यापाशीच आहेत, त्यांना अग्रक्रम द्यावा. गटाचा हिशेब, शिक्षकांनी तयार केलेले पाठ, वडीलधाऱ्यांच्या आवाजातील गाणी व कथा या त्या प्रकारच्या होत. जुन्या विशिष्ट फॉन्टमधील मराठी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवावा. अन्यथा तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर केवळ निरर्थक चिन्हे दिसतात.

लॅपटॉपची निवड

आदिलाबादमध्ये उन्हाळ्यात तापमान ४४–४५ अंशांपर्यंत चढते. बहुतेक लॅपटॉप मात्र ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत चालावेत अशा बेताने बनविलेले असतात. त्यामुळे भर दुपारी पत्र्याखाली वा गादीवर ठेवून त्यांचा वापर करू नये. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. फिरते भाग नसलेली एसएसडी साठवण धक्के अधिक सोसते. सामान्य घरगुती व शालेय कामास ८ जीबी रॅम पुरेशी असते. अनेक वर्षे वापर करावयाचा असल्यास १६ जीबी इष्ट होय.

हैदराबाद सुमारे ३०० व नागपूर सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. म्हणून दुरुस्तीची सोय कोठे आहे, हमीचा कालावधी किती आहे व बॅटरी बदलता येते काय, हे खरेदीपूर्वीच विचारावे आणि पक्की पावती घ्यावी. जुना लॅपटॉप घेताना त्यावर विंडोज ११ चालते काय, याची खात्री करावी. कारण विंडोज १० साठीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. घरात अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग वापरावा आणि विजा कडाडत असताना चार्जर काढून ठेवावा.

अखेरची चाचणी

आठवड्यातील एक दिवस बॅकअपसाठी निश्चित करावा. तसेच दर तीन महिन्यांनी राखीव प्रतीतील दोन-चार फाइली दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्यात. बियाणे पेरणीपूर्वी उगवून पाहण्याची रीत शेतकऱ्यास नवी नाही. जी प्रत कधी उघडून पाहिलीच नाही, तिचा संकटकाळी भरवसा धरता येत नाही. लॅपटॉपच्या खर्चातच एका डिस्कचा खर्च धरून खरेदी केली, तर पुढील हानी टळण्यास मोठे साहाय्य होईल.