हातांतला वाटाड्या

दिवाळीच्या आधीं अमेरिकेंतील माझ्या पुतण्याचा निरोप आला, "काका, यंदां घरीं येतांना जीपीएसचें हातांत धरावयाचें एक यंत्र आणतों. कोणतें आणूं तेवढें कळवा." घरांत लगेच वाद सुरू झाला. वडील बंधूंचें म्हणणें, ज्याच्या त्याच्या खिशांत फोन असतां हा आणखी एक खर्च कशाला? आमच्या चिरंजीवांचें म्हणणें, आणावयाचेंच तर सर्वांत मोठें आणि सर्वांत महाग तें आणावें. वहिनी मात्र एवढेंच म्हणाल्या, "गाविलगडावर झालें तसें पुन्हां होऊं नये, असें कोणतें यंत्र असेल तर तें आणा." या तिघांस मिळून जें उत्तर मीं दिलें, तेंच थोड्या विस्तारानें येथें लिहीत आहें. मेळघाटांत, सह्याद्रीवर किंवा हिमालयांत पायीं हिंडावयास जाणारीं मुलें आतां पुष्कळ घरांत आहेत, आणि त्यांच्या हातीं असलीं यंत्रें देणारे आपण वडीलधारेच असतों.

गाविलगडावर काय झालें तें आधीं सांगतों. तीन वर्षांपूर्वीं भाद्रपदांत आम्ही घरचीं सात माणसें मोझरीहून चिखलदऱ्यास गेलों होतों. चिरंजीवांनीं एका स्नेह्याकडून असलें यंत्र उसनें आणलें होतें. गाडी उभी केली त्या जागेची खूण त्यांनीं यंत्रांत नोंदविली. त्या दिवशीं आमच्या हातून घडलेली शहाणपणाची गोष्ट ती हीच. सकाळीं ऊन होतें. दरवाजे, तोफा, तलाव पाहत आम्ही गडावर दूरवर गेलों. तिसऱ्या प्रहरीं धुकें उतरलें, तें इतकें दाट कीं दहा पावलांवरचें माणूस दिसेना. यंत्र काढून पाहिलें, तों गाडी अवघी ८०० मीटरांवर असून बाण सरळ तिकडे रोखलेला. सर्वांना हायसें वाटलें. पायवाट सोडून, कमरेएवढ्या ओल्या गवतांतून आम्ही बाणाच्या रोखानें निघालों. आंकडा उतरत होता. सातशें, सहाशें, साडेपांचशें. नातवाचा हात धरून वहिनी सर्वांच्या पुढें होत्या. त्यांनीं काठी टेकली, ती टेकलीच नाहीं. त्या जागच्या जागीं थांबल्या आणि मागें न वळतां म्हणाल्या, "कोणी पुढें येऊं नका." धुक्याचा पदर क्षणभर हलला, तेव्हां पायांखालीं तुटलेला कडा दिसला. बाण अजून तसाच, समोरच्या पोकळींत रोखलेला होता.

गडाचा बाहेरील कोट आणि आंतील कोट यांच्यामध्यें खोल घळ आहे. १८०३ सालच्या डिसेंबरांत हा गड घेतांना वेलस्लीच्या फौजेसही बाहेरचा कोट फोडल्यावर हीच घळ आडवी आली होती, हें इतिहासांत मीं मुलांना कित्येक वर्षें शिकविलें; प्रसंगीं आठवलें नाहीं. आम्ही तेथेंच खालीं बसलों. चिरंजीवांनीं यंत्राच्या पडद्यावर सकाळपासून आपण चाललों त्या वाटेची बारीक रेघ शोधून काढली, आणि त्या रेघेवरून, आल्या वळणांनीं, आम्ही दीड तासानें गाडीशीं पोहोंचलों. तेव्हां यंत्रांतील विद्युद्‌घट संपत आले होते आणि अंधार पडत होता.

यंत्र खोटें बोललें नव्हतें. गाडी कोठें आहे असें आम्हीं त्यास विचारलें, त्यानें तें बिनचूक सांगितलें. गाडीपर्यंत जावें कसें, हें त्यास ठाऊकच नव्हतें, आणि आम्हीं तें विचारलेंही नव्हतें. वाटाड्या म्हणून हें यंत्र विकलें जातें. परंतु आपण कोठें आहों आणि कोणत्या वाटेनें आलों एवढ्या दोनच गोष्टींचें ज्ञान त्यास खात्रीचें असतें. यंत्र निवडतांना आणि वापरतांना एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुष्कळ घोटाळे टळतात.

तें हें काम कसें करतें, हेंही समजून घ्यावें. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे तीसएक उपग्रह फिरत असतात. प्रत्येकांत अणुघड्याळ असतें, आणि आपण कोण, कोठें आहों व वेळ काय झाली, एवढें तो अखंड सांगत असतो. हा संदेश सेकंदास तीन लक्ष किलोमीटर या प्रकाशाच्या वेगानें येतो, तरी खालीं पोहोंचावयास त्यास सेकंदाचा सुमारें पंधरावा हिस्सा लागतो. तो विलंब मोजून यंत्र उपग्रहाचें अंतर काढतें. तीन अंतरांवरून स्थान निघावें. परंतु यंत्रांतील घड्याळ साधेंच, त्याची चूक दुरुस्त करण्यास चौथा उपग्रह लागतो. सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली तर ३०० मीटरांचा फरक पडतो. १९७८ सालीं या व्यवस्थेचा पहिला उपग्रह सोडला गेला, आणि १९८९ पासून हातांत धरण्याजोगीं यंत्रें सामान्य लोकांस मिळूं लागलीं. मात्र २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभापर्यंत अमेरिकेचें सरकार सामान्यांसाठींचा संदेश मुद्दाम अंधुक करीत असे व चूक १०० मीटरांपर्यंत जाई. आज उघड्या आकाशाखालीं ती सामान्यतः पांच ते दहा मीटर असते. रशिया, युरोप व चीन यांच्याही अशा व्यवस्था आहेत, आणि आपल्या देशानें 'नाविक' उभारण्यास २०१३ सालीं आरंभ केला. एकाहून अधिक व्यवस्थांचे उपग्रह ऐकणारें यंत्र घेणें बरें, कारण दरींतून आकाशाची चिंधीच दिसते आणि तेवढ्यांत चार उपग्रह सांपडावे लागतात.

येथें एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. हें यंत्र फक्त ऐकतें, बोलत नाहीं. म्हणून त्यास मोबाईलचा मनोरा लागत नाहीं, आकाश लागतें. सेमाडोहकडील दाट झाडींत, विशेषतः पावसाळ्यांत पानें भिजलेलीं असतां, संदेश क्षीण होतो. उभ्या कड्यांमध्यें तो खडकावर आदळून लांबच्या वाटेनें येतो, आणि यंत्र मोठ्या आत्मविश्वासानें चुकीची जागा दाखवितें. अशा वेळीं चार पावलें मोकळ्या जागीं जाऊन दोन मिनिटें थांबावें.

वडील बंधूंच्या आक्षेपाचें उत्तर यांतच आहे. फोनमध्येंही हाच ग्राहक असतो आणि मनोरा नसला तरी तो चालतो. नकाशा मात्र घरूनच उतरवून घ्यावा लागतो, नाहींतर कोऱ्या कागदावर आपला एक ठिपका दिसतो. वर्षांतून एकदां चिखलदऱ्याच्या ठरलेल्या जागा पाहणाऱ्या कुटुंबास फोन पुरे, हें मी मोकळेपणानें कबूल करतों. परंतु मनोरे शोधतां शोधतां फोनचा घट दुपारींच अर्धा होतो, पावसांत ओल्या बोटांस त्याचा पडदा दाद देत नाहीं, आणि खडकावर पडला तर फोनही गेला व नकाशाही गेला. तीन-चार दिवस डोंगरांत राहणाऱ्यांनीं निराळें यंत्र जवळ बाळगावें.

तें कोणतें? चिरंजीवांच्या मतें मोठ्या पडद्याचें. माझ्या मतें कळा असलेलें आणि बाजारांत कोठेंही मिळणाऱ्या पेन्सिल-सेलवर चालणारें. धारणीच्या दुकानांतही ते सेल मिळतात. बंद घटाचें यंत्र उतरलें म्हणजे भारण्यास वीज शोधावी लागते. गार्मिन कंपनीचीं २०१९ सालीं निघालेलीं ईट्रेक्स २२एक्स व ३२एक्स हीं दोन यंत्रें या जातीचीं. दोन सेलांवर पंचवीस तास चालतात असें कंपनी सांगते. थंडींत व सारखा पडदा उजळल्यास त्यांतून वजाबाकी करावी. या दोहोंतील फरक मला गाविलगडामुळें महत्त्वाचा वाटला. २२एक्समध्यें होकायंत्र नाहीं. आपण चालत असलों तरच त्याचा बाण खरा. उभें राहिलों कीं दिशा त्यास कळत नाहीं. धुक्यांत कड्याच्या तोंडाशीं उभ्या असलेल्या माणसास 'आधीं चालून दाखवा' म्हणणारें यंत्र काय कामाचें? ३२एक्समध्यें होकायंत्र आहे व हवेच्या दाबावरून उंची काढणारी सोयही आहे. सेल बदलल्यावर होकायंत्र पुन्हां जुळवून घ्यावें लागतें, आणि हवामान पालटलें कीं उंचीचा आंकडा सरकतो, म्हणून ठाऊक असलेल्या उंचीवर तो नीट करून घ्यावा. ३२एक्स आणावें, असें मीं पुतण्यास कळविलें.

त्याबरोबर एक ताकीदही दिली, आणि परदेशीं आप्त असणाऱ्या प्रत्येक घरानें ती लक्षांत ठेवावी. अमेरिकेंत हल्लीं उपग्रहामार्फत संदेश पाठविणारीं यंत्रेंही सर्रास विकतात. इनरीच हें नांव त्यांत विशेष ऐकूं येतें. संकटांत कळ दाबली कीं मदतीची हांक जाते, म्हणून प्रेमानें कोणीही तेंच आणील. परंतु भारतांत दूरसंचार विभागाच्या परवान्यावांचून असलें यंत्र बाळगणें हा गुन्हा आहे. २०२४ सालच्या डिसेंबरांत गोव्याच्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांना याच कारणास्तव अडवून त्यांच्यावर कारवाई झाली. केवळ ऐकणारें यंत्र चालतें, बोलणारें चालत नाहीं, एवढी खूणगांठ बांधावी. पुतण्याच्या मनांत नेमकें तेंच आणावयाचें होतें, असें मागाहून कळलें.

आतां आंकड्यांविषयीं. मी जन्मभर गणित तपासलें, त्यामुळें हें थोडें लांबलें तर वाचकांनीं क्षमा करावी. स्थान लिहिण्याच्या दोन रीती आहेत. चिखलदऱ्याचा अक्षांश दशांशांत २१.४० आहे, अंश-कलांत तोच २१ अंश २४ कला होतो. आतां संकटांत सांपडलेल्या मुलानें फोनवरून "एकवीस, चाळीस" एवढेंच सांगितलें आणि ऐकणारानें २१ अंश ४० कला लिहून घेतलें, तर सोळा कलांची चूक झाली. एक कला म्हणजे सुमारें १.८५ किलोमीटर; म्हणजे शोधणारीं माणसें तीस किलोमीटर उत्तरेस जातील. म्हणून घरच्या सर्वांनीं एकच रीत ठरवावी, यंत्रांत तीच लावून ठेवावी आणि सांगतांना "दशांशांत" हा शब्द उच्चारावा.

दुसरा घोटाळा नकाशाचा, आणि त्याचा संबंध आमच्याच मुलखाशीं पोहोंचतो. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी १८०२ सालीं मद्रासेस सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें मोजणीच्या कामावर असतांनाच वारला. त्याची कबर तेथें आहे. त्याची मुख्य मोजणी ७८ व्या रेखांशाच्या अनुरोधानें दक्षिणेकडून वर आली, आणि तो रेखांश आमच्या मोझरीच्या लगतूनच जातो. वऱ्हाडांतील टाकळखेडा हें त्या मोजणीचें एक प्रमुख स्थान होतें. लॅम्ब्टनच्या मागून आलेल्या एव्हरेस्टनें पृथ्वीचा जो आकार गृहीत धरला, त्यावर आपले जुने सरकारी नकाशे आंखलेले आहेत. जीपीएस मात्र 'डब्ल्यूजीएस ८४' या निराळ्या आकारावर चालतें. त्यामुळें यंत्रांतील आंकडे जुन्या नकाशावर तसेच मांडले तर खूण शंभर मीटरांहूनही अधिक सरकूं शकते, आणि कड्याच्या कांठीं शंभर मीटर म्हणजे काय तें आम्हीं पाहिलें आहे. २००५ सालच्या धोरणानंतर निघालेले खुले नकाशे नव्या आकारावर आहेत. नकाशाच्या समासांत हें छापलेलें असतें. वाचून यंत्रांतही तोच आधार निवडावा.

कागदाचा नकाशा आणि साधें होकायंत्र तरीही पिशवींत असावें. आपल्या भागांत चुंबकाची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाहीं, तेव्हां ही जुनी जोडी बिनहिशेबानें चालते. मेळघाट हें १९७४ सालापासून व्याघ्रप्रकल्पाचें रान आहे; वनखात्याच्या परवानगीवांचून आणि त्यांच्या माणसावांचून तेथें आडवाटेस शिरूं नये, हातांत कितीही उत्तम यंत्र असो. तेथील कोरकू वाटाड्यास कोणता नाला केव्हां चढतो तें ठाऊक असतें. यंत्राच्या नकाशावर तो नाला बाराही महिने एकाच रुंदीची निळी रेघ असतो.

पुतण्या मार्गशीर्षांत आला. डोंगराकडे जाण्यापूर्वीं आठ दिवस यंत्र घरच्यांनीं वापरावें, असा मीं नियम केला. गांवाबाहेरच्या शेतांत रोज सायंकाळीं शाळा भरे. निघतांना आधीं पांच मिनिटें मोकळ्यावर उभें राहून उपग्रह लागूं द्यावे; निघण्याच्या जागेची खूण करावी; चाललेल्या वाटेची नोंद सुरू आहे कीं नाहीं तें पाहावें; जुन्या नोंदी पुसाव्या, म्हणजे काल आणि आज यांच्या रेघांचा गुंता होत नाहीं; आणि परततांना बाण न पाहतां रेघ पाहावी. मुलांना हें एका दिवसांत आलें. वडील बंधूंनीं दोन वेळां यंत्र उलटें धरलें. नातवानें तुरीच्या शेतांत लपून स्वतःची जागा आंकड्यांत ओरडून सांगावयाची आणि आम्हीं त्यास शोधून काढावयाचें, हा खेळ सर्वांस इतका आवडला कीं शेताच्या धन्यानें एके दिवशीं येऊन, कांहीं हरवलें आहे काय, म्हणून चौकशी केली.

आठव्या दिवशीं यंत्र वहिनींच्या हातीं दिलें. चष्मा सांवरून त्यांनीं अंगणांत तुळशीपाशीं उभ्या राहून कळ दाबली. पडद्यानें खुणेचें नांव विचारलें. देवनागरी त्यास येत नाहीं हें कळल्यावर त्या थोड्या नाराज झाल्या, आणि रोमन अक्षरांत कां होईना, पण 'घर' असेंच लिही, म्हणून त्यांनीं नातवास सांगितलें.