काटा अडला, तरी चालत राहा

आहार सांभाळून व्यायाम सुरू केला की पहिल्या आठवड्यात वजन झरझर उतरते, मग काटा अडतो. इथेच अनेक जण हिरमुसतात. पण सुरुवातीची बरीचशी घट पाण्याची असते. यकृत आणि स्नायूंत साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठते; अशा प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. साठा वापरला गेला की तेही बाहेर पडते. चरबी मात्र सावकाशच घटते. शिवाय खारट जेवण किंवा मासिक पाळीमुळेही वजन रोज थोडे वरखाली होते. म्हणून आठवड्याची सरासरी पाहा.

व्यायामाची सवय लागायलाही वेळ द्यावा लागतो. लंडनमधील संशोधकांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. आज खाडा झाला, तर उद्या नेमाने चालायला निघा.