सुई देण्याआधी नानीच्या घरची चौकशी करा

पाथरीत शाळेत शिकवताना पालकांकडून एक गोष्ट आम्ही वारंवार ऐकतो: "लहानपणी आजारी पडला, सुया दिल्या, अन् तेव्हापासून लेकराला ऐकू येईना." मग घरात कुणीतरी आईकडेच बोट दाखवतं, "तिच्याच खानदानात बहिरेपणा आहे." कधीकधी या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, पण दोष ना आईचा असतो ना लेकराचा.

आधी हे स्पष्ट करू की प्रत्येक सुई कानाला घातक नसते. लसींचा आणि पॅरासिटामॉलचा याच्याशी काही संबंध नाही. आम्ही बोलतोय ते स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन आणि कॅनामायसिन या एका गटातल्या अँटिबायोटिक औषधांबद्दल. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये अमेरिकेत लागला. टीबीवरचं ते पहिलं परिणामकारक औषध. पुढे आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यातही ते बनू लागलं. या औषधांनी लाखो जीव वाचवले, पण काहींचे कानही नेले. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांना टीबी झाला होता. २०१३ मध्ये कॅनामायसिनच्या सुयांमुळे त्यांची श्रवणशक्ती गेली. पुढे त्या टीबीच्या सुरक्षित गोळ्यांसाठी पेटंटच्या लढाईत उतरल्या, आणि मार्च २०२३ मध्ये बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढवण्याचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने फेटाळला.

जास्त दिवस घेतली तर ही औषधं कोणाच्याही कानाला इजा करू शकतात. पण काही घराण्यांत थोड्याशा सुयांनीच कान जातात. असं का होतं?

जिवाणूच्या पेशीत प्रथिनं बनवणारा एक बारीक कारखाना असतो, त्याला रायबोसोम म्हणतात. ही औषधं त्याच्या एका खाचेत बसतात आणि काम बिघडवतात, म्हणून जिवाणू मरतो. आपल्या पेशींना ऊर्जा देणारे मायटोकॉन्ड्रिया हेही फार प्राचीन काळी जिवाणूच होते. त्यांचा स्वतःचा डीएनए आणि स्वतःचा रायबोसोम आजही आहे. फक्त त्या खाचेचा आकार थोडा वेगळा, म्हणून औषध तिथे सहसा नीट बसत नाही.

या डीएनएत १६,५६९ अक्षरं असतात. काहींमध्ये १५५५ क्रमांकाचं 'ए' अक्षर बदलून 'जी' झालेलं असतं. एवढ्यानेच ती खाच जिवाणूसारखी होते आणि औषध आपल्याच पेशीवर हल्ला करतं. आतल्या कानातल्या केसपेशी नाजूक असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. १९९३ मध्ये शास्त्रज्ञांना हा बदल काही चिनी कुटुंबांत आणि एका अरब घराण्यात सापडला. त्या अरब घराण्यात तर औषध न घेताही बहिरेपणा येत होता.

हा बदल फक्त आईकडून येतो. तो तिच्या सगळ्या मुलांत जातो, पण मुलगा पुढे आपल्या मुलांना तो देत नाही. म्हणून नानी, खाला आणि मामू यांच्या कानांची माहिती महत्त्वाची आहे. आईला तो तिच्या आईकडून मिळालेला असतो, तिने काही केलेलं नसतं. नात्यातल्या लग्नांमुळे वाढणारा बहिरेपणा वेगळा. त्यात आई आणि बाप दोघांकडून बिघडलेला जीन यावा लागतो.

मग आपण काय करायचं?

- आईकडच्या नात्यात कुणाला सुयांनंतर किंवा कमी वयात ऐकू येईनासं झालं असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या.
- नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर जेंटामायसिन जीव वाचवतं. भीतीपोटी सुई नाकारू नका. दुसरं औषध चालेल का, एवढं विचारा.
- टीबीचा इलाज अर्ध्यावर सोडू नका. आता बहुतेक उपचार गोळ्यांवरच होतात.
- सुया चालू असताना कानात आवाज येऊ लागला, चक्कर आली किंवा ऐकू कमी येऊ लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.
- शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेव्हा मुलांचे कान तपासून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचं नाव असलेली ही संस्था याच कामासाठी आहे.

ब्रिटनमध्ये नवजात बाळाच्या गालातून नमुना घेऊन सुमारे २६ मिनिटांत हा बदल ओळखणारी चाचणी निघाली आहे. ती आपल्या गावी येईल तेव्हा येईल. तोवर नानीला एक प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.