न बोललेले आजार

'दुखत नाही, म्हणजे आजार नाही,' असे आपण सहज म्हणतो. हा समज किती फसवा आहे, ते गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत दिसून आले. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ५५ टक्के स्त्रियांची काही ना काही तक्रार होती. तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा एखादा तरी विकार आढळला. यांतील निम्मे विकार जंतुसंसर्गाचे होते. पूर्वी तपासणी व उपचार झाले होते, ते फक्त ८ टक्के स्त्रियांवर!

हे जंतू वाढतात कसे? निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू असतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. या आम्लामुळे रोगजंतूंना तेथे सहजी वाढता येत नाही. हे जिवाणू घटले, की पहारा सैल होतो. काही संसर्ग पुढे गर्भनलिकेपर्यंत पोहोचतात आणि वंध्यत्व येऊ शकते.

एचआयव्ही हा विषाणू शरीरसंबंधातूनही पसरतो. 'सीडी-४' ही खूण असलेल्या पांढऱ्या पेशी हे त्याचे लक्ष्य. संसर्गाने दाह झाला, की जंतूंशी लढण्यासाठी नेमक्या याच पेशी तेथे गोळा होतात. व्रण असेल, तर विषाणूला वाटही मोकळी मिळते. म्हणून अशा वेळी एचआयव्हीचा धोका वाढतो.

जिवाणूंमुळे होणारे संसर्ग योग्य प्रतिजैविकांनी बरे होतात. एचआयव्ही पूर्ण बरा होत नाही, पण नियमित औषधांनी काबूत राहतो. मात्र त्यासाठी आधी तपासणी हवी; आणि तपासणीसाठी संकोच सोडून बोलायला हवे.