गालिचा घेताय? आधी उलटा करा!

फ्लॅटचं पझेशन मिळालं, सोफा आला. आणि एका रविवारी अंधेरी-बोरिवलीच्या एखाद्या हॉलमधल्या सेलमध्ये सहज डोकावलात, तर समोर लाल-काळ्या चौकटींचा, अष्टकोनांचा गालिचा! असा एक घरी आला की दुसरा खुणावतोच. पण थांबा. नक्षी नंतर, आधी पाठ बघा.

हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या पाठीवरही पुढची नक्षी स्पष्ट दिसते. झालर म्हणजे ताण्याचीच टोकं असतात. पाठीला कापड चिकटवलेलं आणि झालर वरून शिवलेली असेल, तर तो 'हँडटफ्टेड'. म्हणजे गनने लोकर टोचून मागे लेटेक्स लावलेलं. हाताने केलेला खराच, पण गाठ एकही नाही! काही वर्षांनी लेटेक्स सुकून त्याचा भुगा पडतो. वापरायला घ्या हवा तर, पण गाठींच्या भावाने नको. 'आर्ट सिल्क'लाही भुलू नका. त्यातलं 'आर्ट' कलेचं नाही, आर्टिफिशियलचं आहे.

मग सुरू होतं, "मॅडम, इंचाला इतक्या गाठी!" काश्मिरी फुलापानांसाठी हे गणित ठीक. भौमितिक नक्षीचं तसं नाही. ठिपक्यांची रांगोळी आठवा. ठिपके कमी असले तरी सरळ-तिरक्या रेषा झक्क जमतात. बलुची किंवा तुर्कमेनी गालिचे पारंपरिकरीत्या बायकाच विणत, नक्षी बहुधा डोक्यात. मध्येच लाल रंगाची छटा बदलली तर तोंड वाकडं करू नका. लोकर वेगवेगळ्या वेळी रंगवल्याची ती खूण. तिला 'अब्रश' म्हणतात आणि कलेक्टर मंडळी तिच्यावर फिदा असतात.

या गाठी कुणाच्या हातच्या, हेही विचारायला हवं. इंग्रजांच्या काळात आपल्या येरवड्याच्या तुरुंगात कैदी गालिचे विणायचे. आग्र्याच्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला अवाढव्य गालिचा तर विंडसर किल्ल्यात आहे. पुढे भदोही-मिर्झापूर पट्ट्यात मागावर लहान मुलं सापडली. त्यातूनच कैलाश सत्यार्थींच्या पुढाकाराने 1994 मध्ये 'रगमार्क' लेबल आलं, 2009 पासून त्याचं नाव 'गुडवीव्ह'. लेबल नसेल तर बिनधास्त विचारा, कुठे विणला, कुणी विणला? उत्तर गुळमुळीत आलं, तर मी तरी पाकीट बाहेर काढत नाही.

सुरुवात तीन बाय पाचच्या तुकड्याने करा. वन बीएचकेत तोच मावतो, भिंतीवरही शोभतो. पावसाळ्यात मात्र घडी घालून माळ्यावर टाकू नका. गुंडाळी करा, अधूनमधून उलगडा. मुंबईच्या दमट हवेत लोकरीला कसर लागायला वेळ लागत नाही.