टाळूतलं इंजेक्शन इतकं का दुखतं?

दाढ काढायची म्हटलं की अनेकांना पक्कडीपेक्षा भुलीच्या सुईचीच धास्ती जास्त. दंत महाविद्यालयांत भूल देण्याचं तंत्र शिकवलं जातं, आणि सुसह्य इंजेक्शनची सुरुवात तिथूनच होते.

सगळा दोष सुईच्या टोकाचा नाही. टाळूचं आवरण हाडाला घट्ट चिकटलेलं असतं, औषधाला पसरायला जागाच नसते. ते भरकन ढकललं की दाब वाढतो आणि कळ उठते. शिवाय भूल टिकावी म्हणून लिग्नोकेन या भुलीच्या औषधात अ‍ॅड्रेनालिन असतं. हे द्रावण आम्लधर्मी ठेवावं लागतं, म्हणून झोंबतं.

यावरचे उपाय साधे आहेत. हिरडी कोरडी करून बधिर करणारी जेल लावायची, ती भिनायला मिनिटभर तरी थांबायचं आणि मिनिटाला साधारण 1 मिलिलिटर इतक्या संथ गतीने औषध सोडायचं. काही ठिकाणी द्रावणात सोडियम बायकार्बोनेट मिसळून आम्लता कमी करतात. संगणकाने वेग सांभाळणारी ‘द वाँड’सारखी यंत्रंही 1990च्या दशकाअखेरीपासून आहेत. मात्र यंत्राहून डॉक्टरांचा सावकाश हात मोलाचा.

सुईच टाळण्याचं आयआयटी मुंबईचं काम तर थक्क करणारं आहे! प्रा. विरेन मिनेझिस यांच्या एरोस्पेस विभागातल्या गटाने सुईविना ‘शॉक सिरिंज’ बनवली. दाबाखालचा नायट्रोजन आघातलहर निर्माण करतो आणि औषधाची केसासारखी बारीक धार त्वचेत शिरते. या सिरिंजने दिलेलं भुलीचं औषध उंदरांमध्ये सुईने दिल्याइतकंच परिणामकारक ठरलं. हिरडीवरच्या चाचण्या मात्र वेगळ्या कराव्या लागतील.