झुंबर आणि पणती

मूल हुशार निघाले की त्याला डॉक्टर करायचे, हे आपल्या मध्यमवर्गीय घरांतले फार जुने स्वप्न. त्यासाठी आई-वडील पोटाला चिमटा घेतात, आजी देव पाण्यात ठेवते, आणि निकालाच्या दिवशी गल्लीभर पेढे वाटले जातात. पुढे पाटी लागते, गाडी येते, बंगला होतो. या सगळ्यात गैर काहीच नाही. पण एक प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. ही जी विद्या एवढ्या कष्टाने मिळविली, ती कोणापर्यंत पोहोचली? आणि जिथे आपला डॉक्टर जाणार नाही, तिथल्या माणसाने काय करायचे?

हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ उराशी बाळगून बसलेली एक मंडळी आपल्या देशात आहे. ती म्हणजे ख्रिस्ती डॉक्टरांची, परिचारिकांची आणि आरोग्यसेवकांची बिरादरी. तिची कहाणी मिरजेपासून वेल्लोरपर्यंत आणि तिथून जामखेडपर्यंत जाते. तिच्यात पराक्रम आहे तसा आत्मपरीक्षणाचा भागही आहे, आणि मला विचाराल तर तोच अधिक मोलाचा आहे.

‘मिरजेला नेले’

दक्षिण महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येई : ‘अखेर मिरजेला नेले.’ दुखणे हाताबाहेर गेले, आता शेवटचा उपाय, असा त्याचा अर्थ. ही ख्याती मिळवून दिली डॉक्टर विल्यम वानलेस यांनी. हा कॅनडाचा तरुण अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली हिंदुस्थानात आला. सांगलीत लहानसा दवाखाना काढून त्याने सुरुवात केली, आणि १८९४ साली मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. एकट्याने किती शस्त्रक्रिया करणार? म्हणून वानलेसांनी इथल्याच तरुणांना हाताशी धरून शिकवायला प्रारंभ केला. रोगी बरा करायचा आणि त्याच वेळी पुढचा डॉक्टरही घडवायचा, अशी ही दुहेरी रीत होती.

त्याच १८९४ साली उत्तरेत लुधियान्याला एडिथ ब्राउन या इंग्रज डॉक्टरीण बाईंनी मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. अशी ठिकठिकाणी विखुरलेली ही माणसे. कोणी एकटा जंगलात, कोणी शेकडो खेड्यांमध्ये एकच डॉक्टर. १९०५ साली त्यांनी मिळून आपली संघटना बांधली. तीच पुढे ‘ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडिया’ झाली, आणि ती आजही काम करीत आहे. पंथ निरनिराळे, मिशने निरनिराळी. परंतु रोग्याच्या खाटेपाशी हे भेद ठेवून चालत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

तीन हाका

वेल्लोरची कथा अनेकांनी ऐकलेली असेल. आयडा स्कडर ही मिशनरी डॉक्टरांच्या घराण्यातली मुलगी. आपण काही हिंदुस्थानात राहायचे नाही, असे तिने ठरविले होते. एका रात्री तिंडीवनमच्या घरी एकामागून एक तीन गृहस्थ आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या. आयडाचे वडील डॉक्टर होते, ते यायला तयार होते. पण परक्या पुरुषाने आपल्या बायकोला तपासावे हे तिघांनाही मान्य नव्हते. त्यांना बाई हवी होती, आणि आयडाला तर वैद्यक येत नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही बायका दगावल्या.

त्या रात्रीने आयडाचे आयुष्य पालटले. अमेरिकेत जाऊन ती १८९९ साली डॉक्टर झाली, वेल्लोरला परतली, आणि १९०२ साली तिथे चाळीस खाटांचे रुग्णालय सुरू झाले. पण तिचा खरा मोठेपणा मला दिसतो तो १९१८ साली. त्या वर्षी तिने मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. ‘मी डॉक्टर झाले’ एवढ्यावर ती थांबली नाही. इथल्या मुलींनी डॉक्टर झाले पाहिजे, असा तिचा आग्रह होता. १९२२ साली पहिल्या तुकडीतल्या चौदा मुली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. पुढे अनेक मिशनांनी मिळून ही संस्था वाढविली, आणि १९४७ पासून तिथे मुलगेही शिकू लागले.

त्याच वेल्लोरला पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ साली आले. कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटे शस्त्रक्रियेने पुन्हा कामाची करता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या विद्यार्थिनींपैकी एक मेरी व्हर्गीस. १९५४ साली मोटार अपघातात तिचे दोन्ही पाय कायमचे निकामी झाले. दुसरी कोणी असती तर अंथरूण धरून बसली असती. मेरी चाकांच्या खुर्चीत बसून रोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करायला शिकली, आणि अपंगांच्या पुनर्वसनाचा विभाग तिने वेल्लोरला उभा केला. १९७२ साली तिला पद्मश्री मिळाली.

एक अवघड प्रश्न

इथे काही वाचकांच्या मनात शंका आली असेल, आणि ती दडवून ठेवण्यात अर्थ नाही. ही सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष तर नव्हे? शंका नवी नाही. सेवेच्या आडून धर्मप्रसार करू नये, सेवा ही सेवेसाठीच असावी, असे गांधीजी मिशनऱ्यांना वारंवार सांगत. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी नियोगी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ साली आला आणि त्यावर मोठे वादळ उठले. जुन्या काळातले मिशनरी धर्म सांगायलाच आले होते, ही गोष्ट त्यांनीही कधी लपविली नाही.

परंतु माणसाची परीक्षा त्याच्या कामावरून करावी. औषध देताना रोग्याची जात विचारली का? बरा झाल्यावर त्याच्याकडून काही कबूल करून घेतले का? या कसोटीला जे उतरले, त्यांच्याविषयी मनात अढी ठेवणे न्यायाचे होणार नाही. आणि आता ज्या जोडप्याची हकीकत सांगायची आहे, त्यांना तर ही कसोटी लावायला मुळीच संकोच नको.

भरलेल्या खाटा, आजारी गावे

डॉक्टर रजनीकांत आरोळे हे नगर जिल्ह्यातले. त्यांची पत्नी डॉक्टर मेबल. दोघेही वेल्लोरचे विद्यार्थी. दीनदुबळ्यांसाठी आयुष्य द्यायचे, असा निश्चय करूनच १९६० साली त्यांनी लग्न केले, आणि नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात ती दोघे कामाला लागली.

काम उत्तम चालले. रोगी वाढले, खाटा भरल्या. दुसऱ्या कोणाला यात कृतार्थता वाटली असती. या दोघांना मात्र अस्वस्थता वाटू लागली. हगवणीने सुकलेले मूल आणावे, सलाईन लावून बरे करून पाठवावे, आणि काही आठवड्यांनी तेच मूल पुन्हा तशाच अवस्थेत यावे. गावचे पाणी तेच, घरची उपासमार तीच. मग बरे केले म्हणजे केले तरी काय? बहुतेक दुखणी मुळात टाळता येण्याजोगी होती. आणि जे अगदी गरीब, ते तर रुग्णालयाच्या पायरीपर्यंतही पोहोचत नव्हते.

योगायोग असा की हाच विचार तिकडे युरोपातही सुरू झाला होता. १९६४ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावी जगभरचे ख्रिस्ती वैद्यकसेवक एकत्र जमले आणि त्यांनी आपल्याच कामाचा हिशोब मांडला. आपली जवळजवळ सगळी शक्ती रुग्णालयांवर खर्च होते, आणि रुग्णालयांबाहेरचा मोठा समाज तसाच राहतो, हे त्यांच्या ध्यानात आले. आपण पिढ्यान् पिढ्या ज्याचा अभिमान बाळगला, तेच अपुरे आहे असे म्हणायला धैर्य लागते. या मंथनातून १९६८ साली जिनिव्हा येथे ‘ख्रिश्चन मेडिकल कमिशन’ स्थापन झाले.

आरोळे पति-पत्नी दरम्यान अमेरिकेला गेली होती. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तिथे त्यांना गुरू भेटले ते कार्ल टेलर, हेही हिंदुस्थानात जन्मलेले, मिशनरी डॉक्टर आई-बापांचे चिरंजीव. पाहा, ही बिरादरी कशी धाग्याला धागा जोडीत जाते!

जामखेडची शाळा

१९७० साली दोघे परतली आणि त्यांनी मुद्दाम निवडले ते जामखेड. त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला हा कोरडा, मागे पडलेला तालुका. त्यातच १९७२ चा दुष्काळ. लोक औषध मागत नव्हते. पाणी आणि भाकरी मागत होते. डॉक्टरांनी ओळखले की इथे आरोग्याची सुरुवात स्टेथॉस्कोपपासून होणार नाही. मग गावोगावी शेतकऱ्यांची मंडळे झाली, लहान मुलांसाठी सामायिक स्वयंपाक शिजू लागला, पाण्यासाठी कूपनलिका खोदल्या गेल्या.

या कूपनलिकांमागे एक युक्ती होती. त्या दलित वस्तीत खोदल्या जातील असे पाहिले गेले. उन्हाळ्याच्या दिवसांत घसा कोरडा पडला म्हणजे सोवळे किती टिकणार? जे कालपर्यंत त्या वस्तीची सावली टाळीत होते, त्यांच्या घरच्या बायका हंडा घेऊन तिथे येऊ लागल्या. जे व्याख्यानांनी साधले नसते, ते पंपाच्या दांड्याने साधले.

औषधपाण्यासाठी आरंभी त्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. परगावची तरुण मुलगी खेड्यात एकटी कशी राहणार, आणि तिच्या शहरी बोलण्यावर सासुरवाशिणी विश्वास कसा ठेवणार? तेव्हा उलटा विचार झाला. गावानेच आपल्यातली एक बाई निवडून द्यावी, तिला आपण शिकवू. अशा बाया आल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. ‘आम्हांला काय येणार?’ हेच त्यांचे पहिले उत्तर.

त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या. गरोदर बाईला कसे तपासावे, बाळंतपण स्वच्छतेने कसे करावे, हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, क्षय आणि कुष्ठरोगाची पहिली खूण कशी ओळखावी, हे त्यांना शिकविले जाई. वाचता येत नव्हते, तर चित्रांवरून, गाण्यांतून, एकमेकींना सांगून त्या शिकल्या. गरोदरपणी बाईने कमी खावे म्हणजे मूल लहान राहून बाळंतपण सोपे जाते, अशी तिकडे समजूत होती. शहरच्या डॉक्टरने ती शंभरदा खोडून काढली असती तरी कोणी ऐकले नसते. पण ज्या बाईच्या हातून शेजारणीचे बाळंतपण सुखरूप झाले, तिचे शब्द पटायला वेळ लागला नाही.

यात डॉक्टरांनी काय सोडले, ते लक्षात घ्या. पैसा तर सोडलाच. पण त्याहून अवघड ते अधिकार सोडणे. सात वर्षे घासून मिळविलेल्या विद्येतला मोठा हिस्सा एका निरक्षर बाईला चार महिन्यांत येऊ शकतो, हे कबूल करायला पदवीधर माणसाचा अहंकार सहजी तयार होत नाही. इतर डॉक्टर नाके मुरडणार हेही उघडच असते.

जगाने ऐकले

जामखेडचे काम जिनिव्हाच्या त्या कमिशनने जगापुढे नेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांनीच चालविलेल्या आरोग्यकार्यांवर एक पुस्तक काढले, त्यात जामखेडची हकीकत आहे. १९७८ साली आल्मा-आटा येथे जगातील राष्ट्रांनी ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा केली, तिच्या मुळाशी जी थोडी उदाहरणे होती त्यांत आपले जामखेड होते. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आल्या. आपल्याच गावातली, गावाने ओळखलेली बाई ही ती कल्पना. तिचे कूळ शोधायला गेले तर वाट जामखेडवरून जाते. मेबलताई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. काम मात्र थांबले नाही.

त्या सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ यांची एक गोष्ट सांगून हा लेख संपवितो. दिवाळीच्या दिवसांत तिच्याइतकी शोभणारी गोष्ट मला दुसरी सापडत नाही. १९८८ साली वॉशिंग्टनला आरोग्यतज्ज्ञांची मोठी परिषद भरली होती. तिथे बोलायला मुक्ताबाई उभ्या राहिल्या. सभागृहात डोळे दिपविणारी झुंबरे लटकत होती. मुक्ताबाईंनी त्यांची वाखाणणी केली आणि म्हणाल्या की डॉक्टर हे या झुंबरांसारखे. सुंदर, पण महाग, आणि गरिबाच्या हाताला न लागणारे. मग त्यांनी पिशवीतून वातीचे दोन साधे दिवे काढले. एक पेटविला, आणि त्याच्या ज्योतीवर दुसरा लावला. झुंबराला हे करता येत नाही, असे त्यांनी त्या विद्वानांना सांगितले.

वाचकहो, झुंबरे नकोत असे नव्हे. अवघड शस्त्रक्रियेला वेल्लोर लागतेच. मात्र मिरजेच्या वानलेसांनी तरुणांना शिकविले, आयडाबाईंनी मुलींना शिकविले, त्या शाळेत शिकलेल्या दोघांनी मुक्ताबाईंना शिकविले, आणि मुक्ताबाई भर सभेत जगाला शिकवून आल्या. यंदा आपल्या घरी कोणी डॉक्टर झाला असेल, तर त्याच्या हाती पेढा जरूर ठेवा. त्याबरोबर एवढेच विचारा : बाळ, तुझ्या वातीवर तू किती वाती लावणार?